रुग्णाला ‘मी अजून शिकतोय’ हे सांगायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमबीबीएसच्या अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी मेडिसिनच्या पोस्टिंगला आहे. उद्या सकाळी रेसिडेंटच्या देखरेखीखाली त्याला एका रुग्णाच्या पाठीतलं पाणी काढायचं आहे, म्हणजे लंबर पंक्चर. ही त्याची पहिलीच वेळ. रेसिडेंटने बजावलं आहे, ‘पहिल्यांदा करतोयस हे सांगत बसू नकोस, उगाच घाबरेल. डॉक्टर आहे म्हण आणि उरकून टाक.’ तो विचारतो, हे बरोबर आहे का? आणि पुढे लिहितो, ‘रुग्णाची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची असते, आम्ही फक्त विद्यार्थी. मग रुग्णाच्या बाबतीत आमची नैतिक जबाबदारी नेमकी सुरू कुठून होते?’

मी तीस वर्षं मेडिसिनमध्ये आहे आणि त्यातली बरीचशी वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: सांगायचं. रेसिडेंटचा सल्ला चुकीचा आहे. तो वाईट हेतूने दिलेला नसणार. त्याच्या सीनियरने त्याला तेच सांगितलं असेल. मलाही तेच सांगितलं होतं.

माझं पहिलं लंबर पंक्चर एका निवृत्त शिक्षकांचं होतं. मेंदूज्वराचा संशय होता, पण ते शुद्धीवर होते, नीट बोलत होते. माझ्या सीनियरने ‘या डॉक्टर तुमचं पाणी काढतील’ एवढंच सांगितलं आणि मीही मान डोलावली. ते कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीला टेकवली आणि पलंगाचा कठडा धरला. पहिल्यांदा सुई हाडाला लागली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी त्यांच्या डाव्या पायात कळ गेली आणि ते कण्हले. चौथ्या वेळी सीनियरने सुई माझ्या हातातून घेतली आणि मिनिटभरात थेंब पडायला लागले. मी ड्रेसिंग करत असताना त्यांनी मान न वळवता विचारलं, ‘तुमची पहिलीच वेळ होती का?’ मी म्हणाले, ‘नाही.’

ते पुढे काही बोलले नाहीत. पण दहा दिवसांनी, औषधं कितपत लागू पडताहेत हे पाहायला पुन्हा पाणी तपासायचं ठरलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. सीनियर करतील म्हटलं तरी नाही, सर करतील म्हटलं तरी नाही. पुढचे निर्णय आम्हाला अंदाजाने घ्यावे लागले. सुदैवाने ते बरे होऊन गेले. आता सांगा, त्यांना चार वेळा टोचलं याचा तो परिणाम होता की मी खोटं बोलले याचा? मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. टोचणं अवघड जातं हे रुग्णाला कळतं. आपल्याशी कोण खरं बोलतंय हे कळेनासं झालं की मग तो कुणाच्याच हातात पाठ देत नाही.

म्हणून ‘आम्ही फक्त विद्यार्थी’ हे वाक्य मला पटत नाही. उलट विद्यार्थ्याची जबाबदारी एका बाबतीत डॉक्टरपेक्षा जास्त असते. डॉक्टर पोट तपासतो तेव्हा त्या तपासणीचा फायदा रुग्णाला होतो. त्यानंतर सहा विद्यार्थी ओळीने येऊन तीच वाढलेली स्प्लीन (प्लीहा) चाचपतात, तेव्हा रुग्णाला काय मिळतं? सहा वेळा पोट उघडं करायचं, सहा वेळा लांब श्वास घ्यायचा, सहा गार हात सोसायचे. फायदा पूर्णपणे तुमचा. तो माणूस तुम्हाला शिकू देतो आहे आणि तेही आजारी असताना, अंगावर धड कपडे नसताना. देणारा नाही म्हणू शकत असेल तरच देण्याला अर्थ असतो. ‘हॉस्पिटलमध्ये दाखल झाला म्हणजे विद्यार्थी तपासणारच’ असं गृहीत धरलं की त्याने दिलं नाही, आपण घेतलं.

तेव्हा उपचाराची संमती वेगळी आणि शिकण्यासाठी दिलेली संमती वेगळी. दुसरी पहिलीच्या आत आपोआप येत नाही. आणि दुसरी नाकारल्यामुळे पहिल्यात तसूभरही फरक पडता कामा नये. त्याच्या औषधांच्या वेळेत नाही, राऊंडला त्याच्यापाशी थांबण्याच्या मिनिटांत नाही, तुमच्या आवाजाच्या सुरातही नाही.

हे न पाळल्यावर काय होतं याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. फिलाडेल्फियातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या स्त्रीची विद्यार्थ्यांनी केवळ शिकण्यासाठी योनिमार्गातून तपासणी करण्याची तिथे सर्रास पद्धत होती. पुष्कळदा त्या स्त्रीला ते आधी विचारलेलं नसे, नंतरही कळत नसे. अभ्यासात असं दिसलं की ज्यांचं स्त्रीरोग विभागाचं पोस्टिंग झालं होतं, त्यांना अशी परवानगी घेणं इतर विद्यार्थ्यांच्या मानाने कमी महत्त्वाचं वाटत होतं. म्हणजे पोस्टिंगमध्ये ते तपासणी शिकले आणि तिच्याबरोबर न विचारायलाही शिकले. यावर तिथे बराच काळ वाद झाला, एकेका राज्याने कायदे केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने रुग्णालयांना स्पष्ट सूचना दिली की भुलेखालच्या रुग्णाची अशी तपासणी करण्याआधी, विशेषतः ती शिकण्यासाठी असेल तर, त्याची माहितीपूर्ण संमती घेतलीच पाहिजे. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की ते विद्यार्थी वाईट नव्हते. थिएटरमध्ये वरिष्ठ म्हणाले ‘ग्लोव्ह्ज घाल’, त्यांनी घातले.

त्याच फिलाडेल्फियातल्या एका महाविद्यालयातला २००९ चा अभ्यासही सांगते. विद्यार्थ्यांची सहानुभूती दरवर्षी एका ठरावीक प्रश्नावलीने मोजली, तर पहिली दोन वर्षं ती टिकून होती आणि तिसऱ्या वर्षी लक्षणीय घसरली. तिथे तिसरं वर्ष म्हणजे पुस्तकांतून उठून वॉर्डात जाण्याचं वर्ष. रुग्णाशी प्रत्यक्ष गाठ पडल्यावर माया वाढायला हवी, ती आटते. हे माझ्याही डोळ्यांसमोर दरवर्षी घडतं. जूनमध्ये ‘त्या आजी’ म्हणणारी मुलगी डिसेंबरात ‘बेड नंबर चौदा’ म्हणते आणि पुढच्या जूनमध्ये ‘ती लिव्हर’. ही भाषा कुणी शिकवत नाही, ती लागते. झोप नसते, अपमान होत असतात, परीक्षा डोक्यावर असते आणि आजूबाजूचे सगळे तसंच बोलत असतात. म्हणून मी माझ्या तुकडीला एकच नियम घालून दिला आहे: केस सांगताना पहिलं वाक्य माणसाबद्दल असेल. नाव, वय, काय काम करतो, घरी कोण असतं. मग निदान. हा नियम सौजन्यापोटी केलेला नाही. गवंडीकाम करणाऱ्याचा खोकला आणि दुकानात बसणाऱ्याचा खोकला सारखा नसतो, हे त्या पहिल्या वाक्यातच कळतं.

बरं, सांगायचं ठरलं तर नेमकं काय सांगायचं? मी विद्यार्थ्यांकडून हे पाठ करून घेते: ‘नमस्कार, माझं नाव अमुक. मी अजून डॉक्टर झालो नाही, शेवटच्या वर्षाला शिकतोय. तुमच्या आजाराबद्दल तुमच्याशी बोललो आणि तुम्हाला तपासलं तर मला शिकायला मिळेल. साधारण वीस मिनिटं लागतील. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू.’ एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं. बहुतेक जण हो म्हणतात. पुष्कळांना बोलायला कुणीतरी हवंच असतं आणि विद्यार्थ्याकडे वेळ असतो. अनेकदा डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट रुग्ण विद्यार्थ्याला सांगतो. तेव्हा आणखी एक वाक्य लक्षात ठेवा: ‘हे उपचारासाठी महत्त्वाचं आहे, मी डॉक्टरांना सांगू ना?’

आणि ऐका. बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या होत्या. रुग्णाने सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टरने सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडलं होतं. आपलं पहिलं म्हणणं पूर्ण करायला मिळालेले रुग्ण चारांत एकही नव्हते.

आता संमतीबद्दल जरा खोलात जाते, कारण हा शब्द वॉर्डात फार स्वस्त झाला आहे. ‘संमती घेतली का?’ याचा अर्थ आपल्याकडे ‘सही घेतली का?’ असा होतो. वैद्यकाच्या जुन्या शपथा काढून पाहिल्या तर त्यांत गुप्तता आहे, रुग्णाचं हित आहे, स्वतःच्या वागण्याची शुद्धता आहे. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत रुग्णाला विचारण्याबद्दल मात्र अक्षर नाही. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात गुरू विद्यार्थ्याला दीक्षा देताना जे बजावतो, त्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नकोस हे आहे. आयुष्य थोडं उरलं आहे हे कळलं तरी जिथे सांगितल्याने रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे बोलू नकोस, हेही आहे. (ही शपथ विद्यार्थ्याला, शिकण्याच्या सुरुवातीलाच दिली जाते हे लक्षात घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.) डॉक्टरला सगळं कळतं आणि तो भलंच करणार, असं या सगळ्यांत धरून चाललेलं आहे.

रुग्णाला विचारायचं ही कल्पना मुख्यतः विसाव्या शतकातली आणि ती डॉक्टरांच्या चांगुलपणातून आली नाही. न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीने भूल देऊन फक्त तपासणी करायला होकार दिला होता, शस्त्रक्रिया नको असं सांगितलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा गाठ काढलेली होती. त्या खटल्याच्या १९१४ सालच्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिलं की प्रौढ आणि सुबुद्ध माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क आहे. (गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे: खटला ती स्त्री हरली. धर्मादाय रुग्णालय डॉक्टरांच्या कृत्याला जबाबदार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.) मग न्यूरेंबर्ग. नाझी छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग केल्याबद्दल २३ जणांवर खटला चालला, त्यांतले २० डॉक्टर होते. १९४७ च्या निकालात दहा तत्त्वं मांडली गेली आणि त्यांतलं पहिलंच तत्त्व: माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा १९४८ ची, पण रुग्णाच्या स्वायत्ततेचा आणि प्रतिष्ठेचा आदर करीन हे वाक्य तिच्यात थेट २०१७ साली आलं. इतका वेळ आपल्याला लागला.

किती सांगायचं, याचं मला आवडणारं उत्तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नादिन माँटगोमेरी यांच्या खटल्यात दिलं. त्या लहान चणीच्या होत्या, मधुमेह होता. मधुमेही मातांच्या प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका सुमारे ९ ते १० टक्के असतो. त्यांनी मूल मोठं असण्याची काळजी बोलून दाखवली होती, तरी डॉक्टरने हा धोका सांगितला नाही, कारण सांगितला तर बायका सिझेरियन मागतील असं त्यांना वाटत होतं. खांदे अडकले, बाळाला प्राणवायू मिळाला नाही, कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयाने म्हटलं, इतर डॉक्टरांनी काय सांगितलं असतं ही कसोटी नाही. या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितला पाहिजे. म्हणजे वाद्य दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येण्याची शक्यता एक टक्का असली तरी ती त्याला सांगायलाच हवी, इतर कुणाला ती किरकोळ वाटली तरी. आणि हे कळण्यासाठी तो काय काम करतो हे आधी विचारलेलं असलं पाहिजे.

सांगून झालं की ‘समजलं ना?’ असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल?’ असं विचारा. उत्तर ऐकून तुम्हाला धक्का बसेल, पण तो सही घेण्याआधी बसलेला बरा.

खरं सांगण्याचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो वाईट निदानाच्या वेळी. नातेवाईक खोलीबाहेर गाठतात, दार ओढून घेतात आणि म्हणतात, ‘बाबांना सांगू नका, ते खचतील.’ विद्यार्थी इथे दोन टोकांना जातात. एक म्हणतो, रुग्णाचा हक्क आहे, मी जाऊन सांगणार. दुसरा म्हणतो, घरच्यांची इच्छा आहे, आपण कशाला मध्ये पडा. दोघेही रुग्णाला विचारायचं विसरलेले असतात. १९६१ साली शिकागोच्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली वापरली तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे झाले. एका पिढीत मत असं उलटलं, पण दोन्ही वेळा विचारलं होतं डॉक्टरांनाच.

मी काय करते ते सांगते. आधी नातेवाइकांना बसवते, त्यांच्या भीतीला नावं ठेवत नाही. मग म्हणते, ‘मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’ नंतर रुग्णाजवळ एकटी बसते आणि विचारते, ‘तुमच्या तपासण्यांचं सगळं तुम्हाला सविस्तर सांगू की मुलांशी बोलू? तुम्हाला कसं बरं वाटेल?’ एकदा एका काकांनी यावर माझ्याकडे बघत म्हटलं, ‘मुलांना सांगू नका डॉक्टर, ती खचतील. मला माहीत आहे.’ बापलेक तीन आठवडे एकमेकांपासून तेच लपवत होते. काही जण खरोखर म्हणतात, मला नको, तुम्ही आणि मुलगी ठरवा. तोही त्यांचाच निर्णय. तो केस पेपरवर लिहून ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा, कारण माणसाचं मन बदलतं. विद्यार्थी म्हणून तुम्ही स्वतः निदान सांगू नये. रुग्णाने विचारलं तर ‘मला माहीत नाही’ असं खोटंही म्हणू नये. ‘हे तुम्हाला डॉक्टरांनी नीट बसून सांगायला हवं, मी त्यांना आज तुमच्याकडे यायला सांगतो,’ असं म्हणा आणि खरंच सांगा. रुग्णाने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही निरोप पोचवला नाहीत, तर तो ती रात्र तशीच काढतो.

गुप्ततेबद्दल फार लिहीत नाही, नियम तुम्हाला ठाऊक आहेत. मोडतात ते लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘इंटरेस्टिंग एक्स-रे’ म्हणून टाकलेल्या फोटोच्या कोपऱ्यात नाव असतं. नाव नसलं तरी वय, वॉर्ड आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून ओळखीच्या माणसाला ओळख पटते. रुग्णाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढूच नका. शिकवण्यासाठी हवा असेल तर लेखी परवानगी आणि रुग्णालयाची यंत्रणा, बस. ज्याच्या उपचारात तुम्ही नाही, त्या ओळखीच्या माणसाचे रिपोर्ट उत्सुकतेने उघडणं हीसुद्धा गुप्तता मोडणंच आहे, कुणाला सांगितलं नाहीत तरी. गुप्ततेला अपवाद आहेत, दुसऱ्याच्या जिवाला थेट धोका असेल तेव्हा किंवा कायद्याने कळवायचे आजार असतील तेव्हा, पण ते ठरवणं विद्यार्थ्याचं काम नाही. वरिष्ठांकडे जा.

चुकीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ती तुमच्या हातून होणार आहे. मी रेसिडेंट असताना एका बाईंना लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल लिहून दिलं. त्यांना वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू होतं, हृदयात कृत्रिम झडप होती. या दोन औषधांचं एकत्र जमत नाही, रक्त फारच पातळ होतं. हे मला माहीत होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं. त्या दिवशी ओपीडीत रांग दारापर्यंत होती आणि मी जुना कागद उलटून पाहिला नाही. पाच दिवसांनी त्या लघवीतून रक्त जातंय म्हणून दाखल झाल्या, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, खूप वाढलेला होता. त्यांना व्हिटॅमिन के दिलं, रक्तस्राव थांबला. माझे वरिष्ठ म्हणाले, ‘वॉरफरिनमध्ये असं होतं कधीकधी, तेवढंच सांग.’ ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मोह मोठा होता.

मी दुपारी त्यांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, ‘तुम्हाला रक्त गेलं ते मी दिलेल्या गोळीमुळे. तुमच्या पातळ रक्ताच्या गोळीबरोबर ती द्यायची नव्हती. मी तुमचा जुना कागद पाहिला नाही. चूक माझी आहे, मला माफ करा. आता धोका टळला आहे, पुढचे काही दिवस रोज रक्त तपासू.’ त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं वगैरे काही झालं नाही. त्या चिडल्या. मुलगा त्याहून चिडला, ‘दुसरे डॉक्टर द्या’ म्हणाला आणि ते त्याला मिळाले. तो त्यांचा हक्क होता. पण त्यांच्या कागदावर लाल शाईत ‘हे औषध देऊ नये’ असं ठळक लिहिलं गेलं आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला तो कागद त्या आधी दाखवायला लागल्या. ‘होतं कधीकधी’ म्हटलं असतं तर त्यांना स्वतःला कशापासून जपायचं हेच कळलं नसतं. चूक सांगायची ती आपलं मन हलकं व्हावं म्हणून नाही. पुढे काय करायचं हे रुग्णाला ठरवता यावं म्हणून ती सांगायची असते. विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर तिथल्या तिथे रेसिडेंटला किंवा सिस्टरला सांगा. तासाभराने सांगितलेली चूक कधीकधी दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली असते.

आणि वरिष्ठ चुकत असेल तर? याचा विचार करताना मला नेहमी टस्कीगी आठवतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सरकारी आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार न केल्यास तो कसा वाढतो हे पाहायचं होतं. त्या माणसांना सांगितलं होतं की तुमच्या ‘दूषित रक्ता’वर उपचार चालू आहेत. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार झाला, तरी तो त्यांना दिला नाही. चाळीस वर्षांत किती तरुण डॉक्टर त्या कामावर आले असतील, फाइल हातात घेतली असेल आणि पुढच्याकडे दिली असेल. अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघड छापून येत होते. तो थांबला कारण त्याच आरोग्य सेवेत काम केलेला पीटर बक्स्टन हा तरुण कर्मचारी वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिला आणि शेवटी वर्तमानपत्रांकडे गेला. तो डॉक्टर नव्हता.

तुमच्यावर असा प्रसंग येईलच असं नाही. तुमच्यावर येतील ते लहान प्रसंग: पडदा न ओढता तपासणं, झोपलेल्या रुग्णाच्या उशाशी उभं राहून त्याच्या वाईट निदानाची चर्चा, न धुतलेले हात. विद्यार्थ्याने वरिष्ठाला सर्वांदेखत सुनवावं असं मी म्हणणार नाही. त्याने रुग्णाचं काही भलं होत नाही. पण पडदा तुम्ही ओढू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. चादर पुन्हा नीट घालू शकता. ‘सर, ॲलर्जीबद्दल मी विचारलं नव्हतं, एकदा विचारू का?’ हे प्रश्नाच्या रूपात बोलता येतं आणि बहुतेक वरिष्ठ त्यावर थांबतात. जिथे थेट इजा होणार असेल, तिथे मात्र ‘थांबा’ म्हणा आणि पुढचं पुढे बघू.

स्वतःच्या मर्यादेबद्दल एकच सांगते. ३० तास जागा असलेला माणूस रुग्णाजवळ सुई घेऊन जाणार असेल तर ‘मला आता जमणार नाही’ म्हणणं हा त्याचा कमकुवतपणा नाही, रुग्णाप्रती कर्तव्य आहे. जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचं वाक्य घातलं गेलं, ते रुग्णाला उत्तम उपचार मिळावेत म्हणूनच.

आता उद्या सकाळचं. आज रात्री पुतळ्यावर हात बसवा, स्किल लॅब उघडी असेल तर. नसेल तर मित्राला कुशीवर झोपवून दोन्ही कमरेची हाडं चाचपा, त्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तो साधारण कमरेचा चौथा मणका. सुई त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीत. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, म्हणून तिथे तो सुरक्षित असतो. रक्त गोठण्याच्या तपासण्या पाहिल्या आहेत का, मेंदूतला दाब वाढल्याची लक्षणं नाहीत ना, टोचण्याच्या जागी त्वचेला संसर्ग नाही ना, हे स्वतः तपासा. कुणी तरी पाहिलंच असेल असं समजू नका. रेसिडेंटशी आजच ठरवा की दोन प्रयत्नांनंतर तो हातात घेईल. हे आधी ठरलेलं नसेल तर त्या क्षणी ठरत नाही, माझ्या वेळी चौथ्यांदा टोचायची वेळ येईपर्यंत ठरलं नव्हतं.

मग रुग्णाजवळ जा, रेसिडेंटला बरोबर घेऊन. सांगा: ‘मी विद्यार्थी आहे. मी हे पाहिलंय, पुतळ्यावर केलंय, माणसावर पहिल्यांदा करणार आहे. हे डॉक्टर पूर्ण वेळ माझ्या शेजारी असतील आणि मला जमलं नाही तर तेच करतील. तुम्हाला सुरुवातीपासून त्यांनीच करायला हवं असेल तर तसं करू.’ सुन्न करण्याच्या इंजेक्शनची आग होईल, पायात कळ गेली तर हलू नका पण लगेच सांगा, नंतर डोकं दुखू शकतं, हे सगळं सांगा. तो नाही म्हणाला तर आभार माना, रेसिडेंटला करू द्या आणि परवानगी असेल तर शेजारी उभं राहून बघा. हो म्हणाला तर करताना बोलत राहा, सुई दिसत नसलेल्या माणसाला शांतता फार लांब वाटते.

झाल्यावर तुमचं काम संपत नाही. पंक्चरनंतरची डोकेदुखी बहुधा एकदोन दिवसांत सुरू होते, उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते. संध्याकाळी एकदा जा, परवा सकाळी पुन्हा जा आणि त्याला विचारा, ‘बसल्यावर डोकं दुखतंय का?’